सिंथ, लॅपटॉप आणि दोन माणसं: इलेक्ट्रॉनिक पॉप बँड स्वतःच्या हिमतीवर कसा चालवायचा

इलेक्ट्रॉनिक पॉप बँडला एक मोठी सोय असते. ज्या यंत्रावर गाणं रचलं जातं त्यावरच ते रेकॉर्ड होतं आणि तेच यंत्र पुढे स्टेजवर जातं. ड्रम किट मावेल असा स्टुडिओ लागत नाही, सामान न्यायला टेम्पो लागत नाही, पाच-सहा जणांच्या तिकिटांचा प्रश्न येत नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये ऑर्केस्ट्रल मॅन्युव्हर्स इन द डार्क हा बँड सुरू झाला तेव्हा माणसं दोन होती आणि बाकीच्या वादकांच्या जागी टीॲकचं चार ट्रॅकचं टेप मशीन. त्याला त्यांनी विन्स्टन असं नावही दिलं होतं. आपल्याकडे मुंबईतला मोनिका डोग्रा आणि रँडॉल्फ कोरेया यांचा शायर + फंक हाही दोघांचाच बँड. माणसं कमी तर खर्च कमी, खर्च कमी तर उधारी कमी, आणि उधारी नसली की गाण्यांची मालकी विकायची पाळी येत नाही. पुढे सांगितलेलं सगळं या हिशेबाला धरून आहे: मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ ध्वनिमुद्रण, तुमच्या हातात राहिला पाहिजे आणि अख्खा शो दोन बॅगांत मावला पाहिजे.

वाटे आधी, वाद नंतर

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण, म्हणजेच मास्टर. भारतीय कॉपीराइट कायदा (१९५७) या तिघांना वेगळं मानतो. शब्द आणि संगीत यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. मास्टरचा पहिला मालक बीट बनवणारा नसतो, तर रेकॉर्डिंग करवून घेण्यात पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो असतो. बेडरूममध्ये चार लोकांनी मिळून केलेल्या कामात हा पुढाकार कोणाचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून गाणं पूर्ण होईल त्याच आठवड्यात वाटेपत्रक लिहा.

एक पान पुरतं. गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पॅन कार्डावर आहे तसंच नाव, मग तीन रकाने: शब्दांत किती टक्के, संगीतात किती, मास्टरमध्ये किती. प्रत्येक रकान्याची बेरीज १०० आली पाहिजे. खाली सगळ्यांच्या सह्या. दोघांचा बँड असेल तर सगळ्या रकान्यांत ५०–५० ठेवावं. इलेक्ट्रॉनिक पॉपमध्ये गाण्याची ओळख कधी चालीत असते, कधी बेसलाइनमध्ये, तर कधी सिंथच्या (सिंथेसायझरच्या) एका आवाजात. तो आवाज घडवायला रात्र घालवणाऱ्याला ‘तू चाल दिली नाहीस’ असं सांगून कमी वाटा दिला की पुढची रात्र तो घालवत नाही.

बाहेरून येणाऱ्यांचंही लेखी हवं. पाहुणी गायिका, मिक्सिंग करणारा, बासरीवाला, प्रत्येकाकडून मानधन किती आणि मास्टरवर हक्क आहे की नाही, हे पैसे देतानाच लिहून घ्या. हक्क सोपवण्याच्या कागदावर मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहायला विसरू नका. कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे परदेशातल्या ऐकणाऱ्यांसाठी गाणं टाकायचं असताना तुमच्याकडे तेवढा हक्कच नसतो.

बँडचा आपसातला करार ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर करा. त्यात हे प्रश्न सुटलेले असावेत: एक जण सोडून गेला तर नाव कोणाकडे राहतं, जुन्या गाण्यांतला त्याचा वाटा चालू राहतो का (राहिला पाहिजे), ती गाणी स्टेजवर वाजवायची मुभा कोणाला, आणि बँडच्या पैशाने घेतलेला सिंथ कोणाच्या घरी जातो. नावाचा ट्रेडमार्क मनोरंजन सेवांच्या ४१व्या वर्गात घेतात. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर आणि स्ट्रीमिंग ॲपवर शोधून पाहा. रोमन लिपीतलं एकच स्पेलिंग कायमचं ठरवा, नाहीतर तुमची निम्मी गाणी दुसऱ्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतात आणि ती परत आणायला आठवडे लागतात. वितरक (गाणी स्ट्रीमिंग ॲपवर चढवणारी सेवा), इन्स्टाग्राम, डोमेन, सगळी खाती बँडच्या नावाच्या ईमेलवर उघडा. एका सभासदाच्या खासगी ईमेलवर उघडलेलं खातं भांडणानंतर परत मिळवणं हे कराराच्या भांडणापेक्षाही कठीण जातं.

गाणं बनवतानाच पुढची सोय

‘सात सेकंदांपर्यंतचा सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा) चालतो’ ही समजूत सर्रास आढळते. तशी सूट कायद्यात कुठेही नाही. जुन्या तबकडीवरचा दोन सेकंदांचा सनईचा तुकडा घेतला तरी रचनेचा आणि मास्टरचा असे दोन परवाने लागतात. लूप (परत परत वाजणारे तयार तुकडे) विकणाऱ्या लायब्ररीतले आवाज वापरायला हरकत नाही, पण पावती आणि परवाना गाण्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा. असा लूप जसाच्या तसा, उघडा वाजत असेल तर ते गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (इतरांच्या व्हिडिओंत तुमचं गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवू नका. तोच लूप आणखी शेकडो जणांनी वापरलेला असतो. त्यांच्या व्हिडिओंवर तुमचा दावा लागतो, तुमच्यावर त्यांचा, आणि शेवटी वितरक तुमचं खातंच गोठवतो. लूप कापा, उलटा करा, त्याचा स्वर वरखाली करा, किंवा सरळ स्वतः वाजवा.

मराठी शब्द गाणार असाल तर सिंथची जागा जरा विचारपूर्वक ठरवावी लागते. सॉ वेव्हचे उजळ आवाज २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दाटी करतात आणि शब्दांतली व्यंजनं ऐकू येतात तीही तिथेच. मग ‘ळ’ आणि ‘ल’ सारखेच वाटू लागतात आणि श्रोत्याला ध्रुवपदसुद्धा कळत नाही. सिंथच्या बसवर (सगळे सिंथ ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवर) त्या पट्ट्यात २–३ डेसिबलची कपात टाका आणि ती गायनाच्या साइडचेनवर (एका ट्रॅकने दुसऱ्याला दाबायची सोय) चालवा, म्हणजे गाणारी थांबली की सिंथ परत फुलतो. ‘च’, ‘ज’, ‘स’ यांची सळसळ साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते. तिथे डी-एसर हलकाच लावा, जास्त लावला की बोबडेपणा येतो. शिवाय सोळाव्या भागाच्या ग्रिडवर बांधलेल्या गाण्यात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ कुठे ओढायचा आणि कुठे तोडायचा, हे रेकॉर्डिंगआधी ठरवून ठेवा. ‘मन’ हा शब्द एका टेकमध्ये एका मात्रेचा आणि दुसऱ्यात दोनचा झाला की डबल ट्रॅक कधीच जुळत नाही.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं गेलं तरच स्ट्रीम मोजला जातो. चाळीस सेकंदांचा हवेशीर इंट्रो अल्बमच्या सुरुवातीला शोभतो. सिंगलमध्ये तेवढ्या वेळात पहिलं कडवं अर्ध्यावर आलेलं हवं.

मास्टर २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ डब्ल्यूएव्हीमध्ये काढा. स्पॉटिफाय साधारण –१४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) पातळी समान करतं. त्याहून जोरात केलेलं गाणं तिथे खालीच आणलं जातं, फक्त लिमिटरने चेपलेला ठोका तेवढा परत येत नाही. ट्रू पीक (सिग्नलचं खरं सर्वोच्च टोक) –१ डेसिबलच्या आत ठेवा, मास्टर –१४ पेक्षा जोरात असेल तर –२. १०० ते १२० हर्ट्झच्या खालचा बेस मोनो (डावी-उजवी बाजू एकच) करा.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: स्टेम काढणं. गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून शेवटपर्यंत डब्ल्यूएव्ही म्हणून बाहेर काढा, फाइलच्या नावात टेम्पो आणि स्वर लिहा. तीन वर्षांनी प्लगइनचा (सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्याचा किंवा इफेक्टचा) परवाना संपलेला असतो, लॅपटॉप बदललेला असतो, आणि जुनं प्रोजेक्ट उघडलं की अर्ध्या ट्रॅकवर लाल खूण दिसते. स्टेम काढताना मास्टरवरचा लिमिटर बंद ठेवा. आणि इथे एक चूक हमखास होते: किकच्या (बेस ड्रमच्या) साइडचेनवर पंप होणारा पॅड, म्हणजे सिंथचा लांबलेला आवाज, एकटा सोलो करून काढला की काही सॉफ्टवेअरमध्ये किकचा सिग्नलच बंद होतो आणि पंप नाहीसा होतो. सगळे स्टेम एकत्र वाजवले तरी गाणं ओळखीचं वाटत नाही, ते यामुळेच. किकच्या तालावर चालणारा एक मूक ‘भूत किक’ ट्रॅक वेगळा ठेवा आणि साइडचेन त्यावर बांधा. स्टेम काढल्यावर ते रिकाम्या प्रोजेक्टमध्ये टाकून एकदा पूर्ण ऐका. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

प्रकाशनाचं वेळापत्रक

तारखेच्या चार-पाच आठवडे आधी फाइल वितरकाकडे गेली पाहिजे. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून संपादकांकडे गाणं सुचवण्याची शेवटची मर्यादा प्रकाशनाआधी ७ दिवस आहे, पण काठावर जाऊ नका. एका वेळी एकच गाणं सुचवता येतं आणि वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात. त्यात भाषा मराठी, शहर, गाण्यातली प्रमुख वाद्यं आणि तुमची प्रसिद्धीची योजना लिहा. ‘मनाला भिडणारं गाणं’ लिहून संपादकाला काहीच कळत नाही. मुखपृष्ठ ३००० × ३००० पिक्सेल, आरजीबी, त्यावर वेबसाइट किंवा इन्स्टाग्रामचा पत्ता नको, त्यावरून फाइल परत येते.

वितरक निवडताना एकच प्रश्न विचारा: पैसे भरणं थांबवलं तर गाणी राहतात का? डिस्ट्रोकिडसारख्या वार्षिक वर्गणीच्या सेवेत वर्गणी थांबली की गाणी उतरतात, ती कायम ठेवायला दर प्रकाशनामागे वेगळे पैसे भरावे लागतात. सीडी बेबी एकदाच फी घेते आणि पुढे उत्पन्नातले ९ टक्के कापते. वर्षाला आठ-दहा गाणी काढणाऱ्याला वर्गणी परवडते, दोन वर्षांत एक ईपी (छोटा अल्बम) काढणाऱ्याला दुसरी पद्धत.

प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. तो एका तक्त्यात लिहून ठेवा. रीमिक्सला नवा, वाद्यसंगीताच्या आवृत्तीला नवा, पण वितरक बदलताना त्याच रेकॉर्डिंगला तोच जुना. नवा घेतलात तर आधीचे सगळे स्ट्रीम शून्यावर येतात. नवं पान चढलेलं दिसेपर्यंत जुनं उतरवू नका.

सुरुवातीच्या वर्षात सहा ते आठ आठवड्यांना एक सिंगल आणि शेवटी त्यांचाच ईपी, हा क्रम छोट्या बँडला झेपतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर एका गाण्याला १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय मास्टरचे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे दहा गाणी एकदम टाकून त्यातली सात हजाराच्या आत अडकवण्यापेक्षा एकेका गाण्याला वेळ देणं बरं. प्रसिद्धीबद्दल फार सांगण्यासारखं नाही: नियमितपणा ठेवा, व्हिडिओत हात आणि यंत्र दिसू द्या, आणि स्ट्रीम विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. खोटे स्ट्रीम पकडले गेले की वितरक दंड लावतो आणि गाणं काढून टाकतो.

स्टेज

इथे बहुतेक बँड मार खातात, आणि कारण वाजवण्यात नसतं, वायरींत असतं.

पहिला निर्णय: खरोखर वाजवायचं काय आणि ट्रॅकवर ठेवायचं काय. गायन तर जिवंत हवंच. त्यासोबत प्रत्येक गाण्यात लोकांना हात हललेले दिसतील असं एक तरी वाद्य हवं, बेसलाइन किंवा लीड. आणि ताल जिवंत करायचा असेल तर महाराष्ट्रासारखी जागा नाही. ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, हळदीचे कार्यक्रम यांतून तयार झालेले ऑक्टोपॅडवाले आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्याइतकी पॅडवरची हातसफाई महागड्या क्लबांतही सहसा ऐकू येत नाही. तुमचे किक, क्लॅप, परक्शनचे आवाज सॅम्पलिंग पॅडमध्ये भरून द्या, दोन तालमी क्लिकवर (कानात वाजणाऱ्या लयीच्या ठोक्यांवर) घ्या. क्लिकवर वाजवायची सवय नसेल तर पहिल्या तालमीत त्रास होतो, कारण बँजो पार्टीत लय गर्दीसोबत चढते. त्यांना क्लिकऐवजी कानात शेकरचा लूप द्या, लय लगेच बसते.

लॅपटॉपमध्ये शोसाठी वेगळं, हलकं प्रोजेक्ट करा. स्टुडिओतलं प्रोजेक्ट स्टेजवर उघडू नये. फक्त स्टेमच्या ऑडिओ फाइल, प्लगइन जवळजवळ नाहीत, वॉर्प (फाइल टेम्पोनुसार ताणण्याची सोय) बंद, प्रत्येक गाण्याच्या शेवटी आपोआप थांबा. सगळे स्टेम एकाच सॅम्पल रेटचे आहेत ना, हे तपासा. ४४.१ ची फाइल ४८ वर धावली की सुमारे ८.८ टक्के वेगाने आणि जवळपास दीड अर्धस्वर वर वाजते. गायिकेला वाटतं आपला गळा बसलाय. नुसते ट्रॅक वाजवायचे असतील तर बफर ५१२ सॅम्पल ठेवा, सॉफ्टवेअर सिंथ स्टेजवर वाजवणार असाल तर १२८. ४८ किलोहर्ट्झला त्याने एका बाजूने २.७ मिलिसेकंदांचा उशीर होतो. वाय-फाय, ब्लूटूथ, नोटिफिकेशन, ऑटो अपडेट, स्लीप, सगळं बंद.

आठ आउटपुटचा इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज बाहेर काढणारी पेटी) असेल तर वाटणी अशी करावी:

१. किक
२. बाकीचे ड्रम
३. बेस
४. सिंथ आणि पॅड
५. कोरस आणि इफेक्ट
६. मोकळा, राखीव
७. क्लिक
८. कानातल्या बोली सूचना, म्हणजे ‘ध्रुवपद, दोन, तीन, चार’

सगळं मोनो. बऱ्याच ठिकाणी पीए, म्हणजे प्रेक्षकांकडची स्पीकर यंत्रणा, मोनोच असतो किंवा प्रेक्षक एकाच स्पीकरसमोर उभे असतात. फार रुंद केलेला स्टिरिओ सिंथ मोनोत आला की फेज कापला जाऊन निम्मा गायब होतो. क्लिक पीएवर गेला की कार्यक्रम तिथेच संपल्यासारखा होतो, म्हणून साउंड चेकमध्ये पहिल्यांदा एकटा क्लिक वाजवा, एक जण पीएसमोर उभा करा, आणि त्याने ‘काही नाही’ म्हटल्यावरच पुढे सरका. कानातले मॉनिटर सुरुवातीला वायरचेच घ्या. छोटा हेडफोन ॲम्प आणि पाच मीटरची एक्स्टेन्शन स्वस्तात येते आणि वायरलेसच्या फ्रिक्वेन्सीची भानगड राहत नाही.

बॅकअपसाठी दुसरा लॅपटॉप परवडेपर्यंत ही युक्ती वापरा. सगळा सेट एका छोट्या रेकॉर्डरमध्ये किंवा जुन्या फोनमध्ये भरा, प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल. डाव्या बाजूला संपूर्ण संगीत मोनो, उजव्या बाजूला क्लिक आणि सूचना. दोन डीआय बॉक्समधून (यंत्राचा सिग्नल मिक्सरला योग्य करून देणारी डबी) तो मिक्सरच्या दोन चॅनलला लावून म्यूट ठेवा. लॅपटॉप अडकला तर त्या गाण्यात परत शिरायचा प्रयत्न करू नका. गाणारीने लोकांशी बोलावं, इंजिनिअरने म्यूट उघडावा, आणि पुढचं गाणं फोनवरून सुरू. खर्च फक्त केबलचा. फोन असेल तर फ्लाइट मोडवर ठेवा.

वीज. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून भुणभुण येते, काढला की थांबते, हा ग्राउंड लूप. उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण. चार्जरची अर्थिंगची पिन कापणं हा उपाय नव्हे. माइकला ओठ लागला की चटका बसतो तो अशाच तोडलेल्या किंवा मुळात नसलेल्या अर्थिंगमुळे. मंगल कार्यालय, शाळेचं मैदान, कॉलेजचा क्वाड्रँगल अशा ठिकाणी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर खिशात असावा. स्टेजची वीज दिव्यांच्या डिमरच्या लाइनवरून न घेता साउंडच्या लाइनवरून मागा, डिमरची करकर सिंथमध्ये येते. जनरेटर बदलताना लॅपटॉप बॅटरीवर टिकतो, पण ॲडॅप्टरवर चालणारा इंटरफेस मरतो आणि सॉफ्टवेअर लटकतं. इंटरफेस, हब आणि सिंथ एका लहान यूपीएसवर टाका. यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या पुढे नको, मिडीची १५ च्या.

ॲनालॉग सिंथ वीस-तीस मिनिटं तापू द्या, मग ट्यून करा. एसी हॉलमधून पावसाळी हवेत नेलेली बॅग लगेच उघडू नका, आतल्या बोर्डवर दव धरतं; अर्धा तास बंदच राहू द्या. मे महिन्यातल्या उघड्या स्टेजवर दुपारी चारला लॅपटॉप उन्हात ठेवला तर तो गरम होऊन स्वतःच मंदावतो आणि ट्रॅक अडखळतात. सावली मागणं हा नखरा नाही, टेक रायडरमध्ये (आयोजकाला द्यायच्या तांत्रिक गरजांच्या यादीत) स्पष्ट लिहा.

रायडर दोन पानांचा ठेवा. स्टेजवर कोण कुठे उभं राहतं याचं चित्र, वरची चॅनल यादी, किती डीआय बॉक्स लागतील, दोन टेबलं (साधारण तीन फूट उंच), किती वीज पॉइंट. आयोजकाला दहा दिवस आधी आणि साउंड इंजिनिअरला थेट आदल्या दिवशी पाठवा. आयोजकाकडून तो पुढे जाईलच असं नसतं.

उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री १० ची मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे १० ते ६ लाउडस्पीकर बंद, राज्य सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर. आधीचे कार्यक्रम लांबतात आणि ४० मिनिटांचा सेट २५ वर येतो. म्हणून कोणती तीन गाणी गाळायची हे सेटलिस्टवर आधीच खूण करून ठेवा आणि सगळ्यात दमदार गाणं शेवटी राखून ठेवू नका, मधे आणा.

पैशाचा हिशेब

समजा एका कार्यक्रमाचं मानधन ६०,००० ठरलं. सहसा १० टक्के टीडीएस कापून ५४,००० खात्यात येतात. उरलेले ६,००० गेलेले नसतात, आयकराच्या साइटवरच्या तुमच्या २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या तक्त्यात) दिसले पाहिजेत, न दिसल्यास आयोजकाच्या मागे लागा. ५४,००० मधून साउंड इंजिनिअर ६,०००, ऑक्टोपॅड ७,०००, पुणे-मुंबई गाडी आणि जेवण ८,००० धरा. राहिले ३३,०००. त्याचा पाचवा भाग बँडच्या खात्यात टाका, तेवढाच पुढच्या गाण्याच्या मिक्सिंगचा आणि बिघडलेल्या केबलींचा खर्च. उरलेलं वाटा. अर्धे पैसे आगाऊ मागा आणि बाकीचे कार्यक्रमाच्या दिवशी. ‘महिन्याअखेर देतो’ हे ईमेलवर तारखेसह लिहून घ्या. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. शास्त्रीय किंवा लोककलेच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला जी सूट आहे ती इलेक्ट्रॉनिक पॉपला लागू होत नाही.

वितरकाकडून येतो तो फक्त मास्टरचा पैसा. शब्द आणि संगीताची रॉयल्टी वेगळ्या नळातून येते, आणि ती घ्यायला आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं) सभासदत्व लागतं. गीतकार आणि संगीतकार दोघांनीही आपापलं घ्यायचं आणि प्रत्येक गाणं वाटेपत्रकातल्या टक्क्यांसह नोंदवायचं. नुसतं सभासद होऊन गाणी न नोंदवणारे पुष्कळ असतात. त्यांच्या नावावर काहीच जमत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला हा वाटा गीतकार-संगीतकाराला वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणालाही सोडून देता येत नाही, त्यामुळे ‘सगळे हक्क कायमचे’ लिहिलेल्या कागदावर सही झाली असली तरी हा वाटा मागता येतो. कार्यक्रमानंतर सेटलिस्ट आयोजकाला लेखी द्या, स्वतःकडेही ठेवा.

लेबल दारात आलं तर

स्वतंत्र राहणं म्हणजे लेबल नकोच असं नाही. डॅनियल मिलरने १९७८ मध्ये स्वतःचं एक सिंगल काढायला लंडनमध्ये म्यूट रेकॉर्ड्स सुरू केली. पुढे डिपेश मोडसोबतचा त्यांचा व्यवहार सुरुवातीला तोंडीच होता: खर्च वजा करून नफा अर्धा-अर्धा. मोठ्या कंपन्या मागे लागल्या असताना बँडने हा सौदा घेतला आणि तो फळला. तोंडी व्यवहाराचं अनुकरण करू नका, पण त्या हिशेबाचं जरूर करा.

आकड्यात पाहा. लेबलने २ लाख आगाऊ दिले आणि तुमची रॉयल्टी २० टक्के ठरली. आगाऊ रक्कम तुमच्या वाट्यातून वळती होणार असेल तर लेबलकडे १० लाख जमेपर्यंत तुम्हाला रुपयाही मिळणार नाही. तेच २ लाख एकूण उत्पन्नातून आधी वजा करून उरलेलं निम्मं-निम्मं वाटलं, तर १० लाखांवर तुमच्या हाती आणखी ४ लाख येतात. मास्टर विकू नका, पाच ते सात वर्षांसाठी वापरायला द्या, आणि मुदत संपल्यावर तो आपोआप परत येतो हे वाक्य करारात असू द्या. खर्चाला कमाल मर्यादा घाला, नाहीतर व्हिडिओच्या नावाखाली कितीही रक्कम वजा होते. वर्षातून एकदा हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क मागा. जाहिरातीत किंवा चित्रपटात गाणं वापरायचं असेल तर तुमची लेखी परवानगी लागेल असं कलम हवं. कराराला गाण्यांची यादी आयएसआरसी क्रमांकांसह जोडा. ‘आणि मुदतीत तयार होणारी इतर सर्व गाणी’ असे शब्द कुठे असतील तर ते आधी खोडून घ्या, दोन्ही बाजूंची तिथे आद्याक्षरं घ्या, मगच शेवटच्या पानावर सही करा.